बिनडोक बेस आणि मी

"अगं, याचं डोकं कुठंय?"

शुक्रवारी रात्री मी काळ्या बॅगेतून तो बेस गिटार बाहेर काढला, तेव्हा आईच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. दुसरं, "तुटका कशाला आणलास?" आणि तिसरं, जे खरं तर पहिल्या दोन वाक्यांच्या मागे दबा धरून बसलं होतं, "केवढ्याला?"

आईचं काही चुकलं नव्हतं. गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येणारं चित्र ठरलेलं असतं. एका टोकाला बॉडी, मधे लांब मान आणि दुसऱ्या टोकाला सूर लावायच्या खुंट्यांचं डोकं. कॉटवर पडलेल्या या प्राण्याला डोकंच नव्हतं. मान संपते तिथे धातूची एक आखूड पट्टी, की खेळ खलास. बॉडीसुद्धा आयताकृती, चिंचोळी, इतकीशी. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी एका शब्दात निकाल लावला, "धोपाटणं!" हल्लीच्या वॉशिंग मशीनवाल्या वाचकांसाठी खुलासा: धोपाटणं म्हणजे कपडे बडवायची लाकडी फळी. आणि बॉस, अगदीच चूक नव्हत्या त्या.

तर या धोपाटण्याचं नाव होनर बी-टू-ए. चार तारा, २४ फ्रेट्स, हेडलेस, ऐंशीच्या दशकातलं डिझाइन. सेकंड हँड. मागितलेली किंमत २८ हजार. माझ्याकडे तो फक्त दोन दिवसांसाठी होता. रविवारी संध्याकाळी एकतर बेस परत, नाहीतर पैसे.

आता २८ हजार म्हणजे काही लोकांचा एका वीकएंडचा खर्च असेल, पण फ्रीलान्स पत्रकाराच्या हिशेबात त्याला 'कोरडे दोन महिने' असं नाव असतं. म्हणजे चेक आले नाहीत तर रिक्षा, मोबाइल, लाइट बिल आणि घरात द्यायचे पैसे यातून निघतील, म्हणून बाजूला टाकलेली पुंजी. एका ठिकाणाहून माझं चार महिन्यांचं मानधन यायचं बाकी होतं आणि तिथल्या अकाउंट्समधली व्यक्ती दर सोमवारी 'प्रोसेसमध्ये आहे' हे एकच वाक्य तालात म्हणत होती. अशा वेळी शहाणी मुलगी काय करते? एफडी. मी काय करत होते? लालबागमध्ये एका काकांच्या घरी बसून बेसची मान डोळ्याला लावून बघत होते.

थांबा, जरा मागून सांगते.

कॉलेजात मी बेस वाजवायचे. चार पोरं आणि मी, मास कॉमच्या तिन्ही वर्षांत सगळे फेस्ट केले. मग नोकरी, मग नोकरी सोडणं, मग भाड्याच्या घराचं डिपॉझिट. डिपॉझिटसाठी बेस विकला. ते भाड्याचं घरही वर्षभरात सुटलं, मी पुन्हा डोंबिवलीला आले, पण बेस काही परत आला नाही. पाच वर्षं झाली. विचारलं कुणी तर मी सांगायचे, "आता वेळ नाही मिळत यार." खरं कारण वेगळं होतं. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्न, मग अंधेरी, असं पाठीवर बेस घेऊन जाणं ही शिक्षा होती. साधा बेस साधारण ४६ इंच लांब असतो, म्हणजे जवळजवळ पावणेचार फूट. पाठीवर बॅग अडकवली की डोकं माझ्या डोक्याच्या वर एक वीत. लेडीज डब्यात शिरताना ते दाराच्या वरच्या दांड्यांना आपटणार, मग मागून "ओ मॅडम, ते आडवं करा!" आडवं केलं की पुढून "ओ ताई, ते उभं करा!" एकदा एका मावशींनी मायेने विचारलं होतं, "क्रिकेट खेळतेस का गं?"

त्यामुळे आमच्या जुन्या ड्रमरचा फोन आला, "दर शनिवारी अंधेरीत जॅम रूम बुक करतोय, ये," तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न 'कुठला बेस' हा नव्हता. पहिला प्रश्न होता, 'दादरचा पूल.'

ड्रमरचं उत्तर तयार होतं, "जॅझ बेस घे, कुठल्याही बऱ्या कंपनीचा. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी विकला जाईल." व्यवहार म्हणून शंभर टक्के बरोबर. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, १९६० मध्ये जॅझ बेस, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक बेस गिटार्स या दोघांच्याच मुलाबाळांसारख्या दिसतात. तार, खुंटी, पिकअप, सगळे पार्ट मिळतात, रिपेअर करणाऱ्याला हात सवयीचा असतो. पण लांबी तीच, ४६ इंच.

दुसरा मार्ग, शॉर्ट स्केल. म्हणजे नट ते ब्रिज ३४ इंचांऐवजी ३० इंच. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा होफ्नर त्यातलाच. (तोच, जो त्याने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतला, १९७२ मध्ये चोरीला गेला आणि २०२४ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं. बावन्न वर्षांनी! माझी लोकलमध्ये विसरलेली छत्री सापडायला अजून चान्स आहे म्हणायचा.) मी एका मैत्रिणीचा शॉर्ट स्केल आठवडाभर आणून बघितला. गोड, गुबगुबीत आवाज, हाताला आरामच आराम. पण खालच्या ई तारेवर मला जो ताण हवा असतो, तो तिथे मिळेना.

तिसरा मार्ग म्हणजे डोकंच उडवणं.

ही आयडिया नेड स्टाइनबर्गर नावाच्या अमेरिकन माणसाची. मजा म्हणजे तो वादक नव्हे, फर्निचर डिझायनर. ब्रुकलिनमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांच्या एका को-ऑपरेटिव्हमध्ये काम करताना शेजारी स्टुअर्ट स्पेक्टर बेस बनवायचा. त्याच्यासाठी नेडने १९७७ च्या सुमारास एक बेस डिझाइन केला आणि मग त्याच्या डोक्यात किडा शिरला. बेसची मान लांब, त्यात टोकाला चार जड खुंट्या. पट्टा लावून उभं राहिलं की मान खाली झुकते आणि वादकाचा डावा हात सूर दाबण्याबरोबर ती मान उचलून धरण्याचीही हमाली करतो. मग खुंट्या दुसऱ्या टोकाला, ब्रिजच्या मागे का नकोत? त्याने तसंच केलं. वर लाकूडही काढून टाकलं आणि कार्बन फायबरसारख्या कडक मटेरिअलचा अख्खा बेस ओतला. ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर तो बाजारात आला आणि काही वर्षं 'फ्यूचर' या शब्दाचा अर्थच तो होता. रश बँडच्या गेडी लीने १९८४ च्या 'ग्रेस अंडर प्रेशर'च्या काळात तो वाजवला. पुढे कंपनी गिब्सनकडे गेली, नव्वदीत फॅशन उलटी फिरली, पोरांना पुन्हा जुनी, घासलेली, डोकंवाली गिटार कूल वाटायला लागली. आज हेडलेस परत आलाय. आयबानेझने २०२० मध्ये ईएचबी नावाची अख्खी सिरीज काढली आणि त्यात साध्या तारा बसतात. फक्त किंमत बघून मी ते पान शांतपणे बंद केलं.

ओरिजिनल स्टाइनबर्गर तर स्वप्नातही नको. पण ऐंशीच्या दशकात त्याच डिझाइनचं लायसन्स घेऊन काही कंपन्यांनी लाकडी, स्वस्त भावंडं काढली. होनर त्यातली एक. हो, तीच माउथ ऑर्गनवाली, १८५७ पासूनची जर्मन होनर. एका ओळखीच्या कीबोर्डवाल्याने सांगितलं, लालबागला एक काका आहेत, ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, त्यांच्याकडे एक 'मुंडकं नसलेला' आहे.

काका सत्तरीच्या आतबाहेर. चाळीतली दोन खोल्यांची जागा, भिंतीवर गणपतीच्या स्टेजवरचे फोटो. सगळ्या फोटोंत झगमग शर्ट आणि हातात हाच बेस. शिपवर असलेल्या मेहुण्याने आणून दिलेला, म्हणाले. तीस-पस्तीस वर्षं गणेशोत्सव, नवरात्र, कंपन्यांचे वार्षिक दिन, लग्नं. पंचमदांच्या टीममधले बेस गिटारिस्ट टोनी वाझ हे त्यांचं दैवत. आता स्टेजवर बेस कीबोर्डमधूनच निघतो किंवा लॅपटॉपमधून, आणि काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं सकाळी उघडत नाहीत. "एक कॅफेवाला आला होता," ते म्हणाले, "भिंतीवर टांगायला मागत होता. तीस द्यायला तयार होता. मी म्हटलं, बघू."

मी वाजवणार आहे म्हणून मला अठ्ठावीस. ही अशी सवलत मिळाली की भाव करायची जीभच उचलत नाही हो.

"घाई नको करू. नीट बघ," असं म्हणून काका चहा टाकायला उठले. काकूंनी पोहे आणले. म्हणजे सगळा सेट-अप रीतसर कांदेपोह्यांचा. मी मुलाकडची, आणि समोर कोचावर मुलगी, तिला डोकं नाही.

सेकंड हँड बेस बघताना पहिली मान बघायची, हे कॉलेजात आमच्या सीनियरने शिकवलं होतं. इथे तर जास्तच, कारण या बेसची मान बॉडीतून आरपार जाते. बोल्ट लावलेली मान बिघडली तर बदलता येते. ही बिघडली तर बेसच गेला. टोकाकडून एक डोळा मिटून बघितलं. पिळलेली नाही. मग ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबली आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट बघितली. माझं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं. (फ्रीलान्सरच्या व्हिजिटिंग कार्डाचा पाच वर्षांतला पहिला खरा उपयोग.) इतपत फट हवीच. शून्य असेल तर तारा खडखडतात, जास्त असेल तर बोटं दमतात.

मग बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक, दोन्ही ट्यूनरवर जुळतात का ते बघितलं. तिन्ही तारा जुळल्या, ई किंचित वर होती, ते ब्रिजवर सेट होतं. मग खुंट्या. या बेसला त्या मागे, ब्रिजच्या टोकाला असतात. चार गोल, खडबडीत बटणं. फिरवली की तार सरळ मागे खेचली जाते. साध्या खुंटीवर तार गुंडाळली जाते, इथे गुंडाळणं नाहीच. त्यामुळे सूर इतका बारीक लावता येतो की मजा वाटते. पण त्या खेचण्याला मर्यादा असते. खुंटी टोकापर्यंत आली असेल आणि तार अजून चढायची असेल, तर संपलं. म्हणून चारही बटणं फिरवून पुढे-मागे किती जागा शिल्लक आहे ते बघायचं. होती.

इलेक्ट्रॉनिक्स अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी. पहिलं काम, बॅटरीचा कप्पा उघडून गळतीचे डाग बघणे. स्वच्छ होता. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की मात्र खरखर, ती स्प्रेने जाते. काकांचा छोटा अ‍ॅम्प लावला आणि गुंऽऽ असा आवाज सुरू झाला. काका म्हणाले, "तो आमच्या चाळीचा सूर आहे." गंमत म्हणजे हे शब्दशः खरं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि बेसच्या ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा 'जी' असतो ४९ हर्ट्झचा. अर्थिंग धड नसलेल्या घरात भिंत तुमच्या साथीला जवळजवळ 'जी' लावूनच बसलेली असते. बोट तारेला लावलं की आवाज कमी होत होता, म्हणजे दोष वायरिंगचा, बेसचा नाही.

फ्रेट्स झिजले होते. ते झिजणारच. पहिल्या पाच फ्रेट्सवर ए तारेखाली चांगले खड्डे. तिथेच तर सगळी हिंदी गाणी राहतात. एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. डी तारेखाली दहाव्या फ्रेटवर एक खोल खड्डा, आजूबाजूला काही नाही. एवढा एकच सूर काका इतक्या वेळा का वाजवत असतील? विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात मुख्य प्रश्न आला. तारा.

हेडलेस बेसची खरी गोम इथे आहे आणि कुठलीही चकाचक जाहिरात ती मोठ्या अक्षरात सांगत नाही. साध्या बेसच्या तारेला एका टोकाला छोटा पितळी गोळा असतो, दुसरं टोक खुंटीवर गुंडाळायचं. हिला दोन्ही टोकांना गोळे लागतात, डबल बॉल. एक गोळा मानेच्या टोकाच्या पट्टीत, दुसरा मागच्या खुंटीत. आणि मधली लांबी अगदी मापात हवी, कारण मागे खेचायला जागा इतकीशी. ला बेलासारख्या कंपन्या अशा तारा अजून बनवतात. पण मी आधीच्या आठवड्यात धोबी तलावच्या फुर्टाडोजपासून ठाण्यापर्यंत चौकशी केली होती, काउंटरवर तयार सेट कुठेच मिळाला नाही. एका दुकानातल्या मुलाने तर "दोन्हीकडे बॉल? मग मॅडम, ट्यून कुठून करणार?" असं विचारून मलाच कोड्यात टाकलं. परदेशातून मागवायचा तर साध्या सेटच्या दुपटीच्या वर खर्च आणि वाट बघणं वेगळं. मानेच्या टोकाला बसवायचा एक अ‍ॅडॅप्टर मिळतो, त्यात साध्या तारा स्क्रूने आवळून बसतात, पण तोही बाहेरूनच आणायचा. थोडक्यात, हा घोडा स्वस्तात मिळत होता, पण त्याचं गवत इंपोर्टेड.

"मग तुम्ही इतकी वर्षं काय केलंत?" मी विचारलं.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कपाळाला हात लावला आणि ओट्याखालून एक काळपटलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काढून दाखवलं. काका तारा उकळायचे! दर दोन-तीन महिन्यांनी तारा काढायच्या, पाण्यात दहा मिनिटं रटरट उकळायच्या, पुसून, वाळवून परत लावायच्या. बोटांचा घाम आणि मळ तारेच्या वेटोळ्यांत बसतो, तो सुटतो आणि मेलेला आवाज काही दिवस जिवंत होतो. हे जगभरचे बेसवाले करतात, मलाही ऐकून माहीत होतं. पण त्यासाठी घरातलं पातेलं कायमचं गमावलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते. "एकदा यात चुकून चहा केला होता पाहुण्यांना," काकू म्हणाल्या. पाहुण्यांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी काका म्हणाले, "असं एका तासात कळत नाही. घेऊन जा, दोन दिवस ठेव. रविवारी सांग." अनोळखी मुलीला आपला बेस देऊन टाकणारा माणूस. माझं आधार कार्डसुद्धा बघितलं नाही.

शनिवारी सकाळी खरी परीक्षा. बॅगेसकट हा चाळीस इंचांच्या आतबाहेर. पाठीवर लावला तर माझ्या डोक्याच्या वर काहीच नाही. डोंबिवलीला डब्यात शिरले, कुणाला लागला नाही, कुणी ओरडलं नाही. ठाण्याच्या पुढे बसायला मिळालं, तर गुडघ्यांच्या मधे उभा केला आणि हनुवटी टेकवून चक्क डुलकी काढली. दादरचा पूल, वेस्टर्नचा जिना, अंधेरी. एकाही मावशीने क्रिकेटबद्दल विचारलं नाही. खरं सांगते, तिथेच मी ८० टक्के विकली गेले होते.

जॅम रूममध्ये उरलेले २० टक्के बाकी होते. पहिला धक्का पट्ट्याचा. बॉडी आखूड असल्यामुळे पट्टा लावून उभं राहिलं की सगळा बेस डावीकडे सरकल्यासारखा वाटतो आणि पहिला फ्रेट हात लांब करून शोधावा लागतो. अर्धा तास मी प्रत्येक सूर एक घर चुकत होते. बसून वाजवायचं तर बॉडीला मांडीवर टेकायला कंबरच नाही. त्यासाठी खाली एक घडीचा पाय असतो, तो सैल झालेला. पण मान अजिबात झुकत नव्हती. डावा हात सोडला तरी बेस आहे तिथे. पाच वर्षांनी वाजवणाऱ्या खांद्याला याची किंमत विचारा.

आणि आवाज! कोरडा, स्वच्छ, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा ठाम. गिटार आणि ड्रम्सच्या गोंगाटात प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता. ड्रमर काही बोलला नाही, फक्त भुवया वर केल्या. त्याच्या भाषेत हे भाषण असतं.

आणि मग एका स्लो गाण्यात सी आला. जी तारेवर, पाचवा फ्रेट. तिथे तो चार ठोके धरायचा होता. दुसऱ्या ठोक्याला तो मेला.

परत वाजवला. पुन्हा तेच. 'ठऽ' असा सुरू होतो आणि कुणीतरी उशी दाबल्यासारखा बुजतो. मी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि शुक्रवारी करायला हवं होतं ते आता केलं. एकेक सूर, घर न सोडता. २४ फ्रेट्स, चार तारा, वर चार मोकळ्या तारा, म्हणजे बरोबर १०० जागा. पाऊण तास गेला. ९९ पास, एक नापास.

याला डेड स्पॉट म्हणतात आणि तो बहुधा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपासच सापडतो. कारण साधं आहे. मानही तारेसारखी थरथरते. ज्या सुराला तार आणि मान यांची कंपनं जुळतात, तिथे मान तारेची ताकद पिऊन टाकते. महागातल्या महाग बेसलाही तो असू शकतो. गंमत अशी, की नेड स्टाइनबर्गरने डोकं उडवलं, लाकूड हाकललं, कार्बन फायबर आणलं, त्या सगळ्या खटाटोपात हा मेलेला सूर घालवणं हाही एक मोठा उद्देश होता. त्याची कडक मान थरथरतच नाही फारशी. पण माझ्यासमोरच्या बेसने नेडचा आकार घेतला होता, मटेरिअल नाही. डोकं गेलं, लाकूड राहिलं, आणि लाकडाबरोबर त्याची खोड राहिली.

शनिवारी रात्री मला झोप नाही. आई म्हणाली, "एक सूर ना? शंभरातला एक? तुझ्या बाबांत किती आहेत माहितेय?" ड्रमरचा मेसेज, "डिफेक्टिव्ह आहे, सोड. विकताना कोण घेणार?" दोघांचंही पटत होतं. प्रश्न एका सुराचा नव्हताच. प्रश्न हा होता, की मला बेस हवाय की डोंबिवली ते अंधेरी न दमता पोचणं हवंय? की वेगळं काहीतरी पाठीवर घेऊन फिरणारी मुलगी म्हणून दिसणं हवंय? मार्च महिन्यात मानधन आलं नाही तर तो सी मला जेवायला घालणार होता का? रात्री दीड वाजता मी अ‍ॅम्प न लावता अंधारात बसून जी तारेचा पाचवा फ्रेट दाबत होते. 'ठऽ.' 'ठऽ.' शेवटी बाबांनी भिंत वाजवली.

रविवारी लालबागला गेले ते ठरवून. दोष दाखवायचा, २२ म्हणायचं, २४ वर तोडायचं, आणि त्यावर गेले तर नमस्कार करून उठायचं. बॅगेतून बेस काढला, काकांपुढे धरला आणि म्हटलं, "काका, इथला सी मेलाय."

काकांनी दोन क्षण माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले. "अरे हो की! मी विसरूनच गेलो होतो."

विसरले होते म्हणजे? काकांनी बेस मांडीवर घेतला. दोन बोटं नीट वळत नव्हती, तरी त्यांनी एक ओळ वाजवली. वर चढत जाणारी, कुठल्याही जुन्या गाण्यात असते तशी. सी आला आणि स्वच्छ, गोल, लांब वाजला. मी हाताकडे बघितलं. पाचव्या फ्रेटवर बोट नव्हतंच. हात मानेवरून सरकून वर गेला होता, डी तारेवर, दहाव्या फ्रेटवर. तोच सी, दुसऱ्या घरात. त्या खोल खड्ड्यात.

"पहिल्या वर्षी लई त्रास झाला," काका म्हणाले. "मग बोटांनीच रस्ता बदलला. आता दुसऱ्या गिटारवर पण मी तिथेच जातो." जी तारेखालचा पाचवा फ्रेट मी उजेडात धरून बघितला. इतक्या वर्षांनंतर तो नव्यासारखा चकचकीत होता.

भाव झाला तो दोन मिनिटांत. मी २४ म्हटलं, काकांनी काकूंकडे बघितलं, २५ वर ठरलं, त्यात शिल्लक राहिलेले तारांचे दीड सेट. अ‍ॅडॅप्टर मी त्याच रात्री मागवला. निघताना काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातेलंही हातात दिलं. "हे पण ने बाई. आता घरात नको मला."

मानधन अजून 'प्रोसेसमध्ये' आहे. मंगळवारी घरी त्याच स्लो गाण्याला बसले. सी आला, बोट सवयीने पाचव्या फ्रेटवर गेलं. 'ठऽ.' पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं, या नवीन पातेल्यात दूध तापवू का. मी बेस तसाच गळ्यात ठेवून धावले.